मुखवट्यांची मोजणी

सोमारीबाईला अक्षर वाचता येत नसे, पण माणूस एकदा पाहिला की विसरायचं नाव नाही. दहा वर्षांपूर्वी मूल गावच्या बाजारात भेटलेल्यालाही ती नावानिशी हाक मारी. म्हणूनच मोहफुलं वेचायला जंगलात गेल्यावर बायांवर नजर ठेवायचं काम आपसूक तिच्याकडे आलं.

वाघ मागून झडप घालतो, म्हणून यंदा गावच्या समितीनं डोक्यामागे बांधायला प्लॅस्टिकचे मुखवटे वाटले. वाटणाऱ्यांची अक्कल बघा, सगळे एकाच साच्यातले, गुलाबी गालांचे मिशीवाले! बाया हसून बेजार. कॉलेजात जाणारी दिव्या म्हणाली, "बाई, मानसाले मानूस ओळखू यावा मनून तं लाखो वर्सांत चेहरे असे येगयेगळे झाले. अन् हे पाहा!" सोमारीनं ऐकून सोडून दिलं.

त्या सकाळी नाल्याकडे वानरं अचानक खेकसू लागली, वाघ दिसल्यावर खेकसतात तशी. सोमारीनं झटकन मोजलं. झुडपांवरून चार मिशीवाले दिसले. तिच्याखेरीज चौघीच आल्या होत्या, म्हणजे पुऱ्या. तिचा जीव भांड्यात पडला.

पण चौथा हलेना. ती धावत गेली, तर मुखवटा पळसाच्या फांदीला टांगलेला आणि खाली कुणीच नाही. कोण कमी आहे? पाठमोऱ्या साऱ्या सारख्याच, लुगड्यावर नवऱ्याबापाचे जुने शर्ट.

"मुखवटे काढा! तोंडं दाखवा मले!"

"वाघ हाय ना, बाई!" चंदाबाई ओरडली.

"काढा मनते ना!"

तीन तोंडं वळली. चंदाबाई, दिव्या, प्रिया. कमी होती ती रंजीता, सोमारीची पोटची पोर.

टोपल्या बडवत, नावानं हाका मारत चौघी एकमेकींना खेटून नाल्याकडे निघाल्या. पल्याडच्या गवतातून पिवळं अंग सरकत दूर गेलं. मग वारुळामागून रंजीता उठली.

"गरम होऊन राह्यलं होतं, माय, मनून काढला."

सोमारीनं मारायला हात उगारला, पण त्याच हातानं पोरीचं तोंड धरलं. बसकं नाक, हनुवटीवरचा व्रण, किडका दात, सारं सारं बघून घेतलं आणि ती हमसून रडू लागली.

"माय असून तुह्या जागी मी पलास्टिक मोजलं वो," ती म्हणाली, "अन् मले बरं वाटलं होतं."