रुमालाखालचा भाव

पेन्शन घेऊन दोन वर्षे झाली, तरी कल्याणच्या चौकीतला तो बैलांचा मामला माझ्या मनातून जात नाही.

खाडीकाठच्या गावातली एक ख्रिस्ती विधवा फिर्याद घेऊन आली. तिचे सगळे व्यवहार एक दलाल पाहत असे; भात तोच विकी, सरकारी शेतसारा तोच भरी. थकलेल्या साऱ्यासाठी तिने त्याच्यामार्फत बैलजोडी विकली. दलालाने चाळीस रुपये आले म्हणून सांगितले. ते पुरले नाहीत आणि तिच्या शेताचा लिलाव पंधरा दिवसांवर आला.

“माजे बैल चालिसाचे नाय, फौजदार.”

मी तिला परत पाठवले. कारण लिहिताना लाज वाटते. माझी शिल्लक आणि शेतसाराही तोच दलाल सांभाळीत असे; माझी घोडीही त्यानेच विकून दिली होती.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. “बैल खडवलीला हायेत. माज्या डोल्यांनी पायले.”

हवालदार माझ्याकडे पाहत म्हणाला, “साहेब, या खेपेला लिहून घेऊ ना?”

लिहून घेतले. दलालाला आणि बैल विकत घेणाऱ्या खडवलीच्या शेतकऱ्याला चौकीवर बोलावले. गुरांच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरतो: एक बोट म्हणजे दहा, पंजा म्हणजे पन्नास. शेतकरी सरळ माणूस होता, पण हट्टी.

“रुमालाखालचा भाव तोंडानं सांगत नसतात, साहेब. उद्या बाजारात मला कोण उभं करील?”

मी दरडावले, समजावले, तंबाखू दिली. दोन तास गेले. दलाल गालात हसत होता. शेवटी बाईच कंटाळली. तिने टेबलावरचा माझा रुमाल उचलून आपल्या हातावर टाकला.

“तोंडानं नको सांगू, भाऊ. माजे बैल, माजाच हात!”

शेतकऱ्याने क्षणभर विचार केला. “हे चालेल,” म्हणाला आणि रुमालाखाली हात घातला.

बाईचे डोळे मोठे झाले. “पंजा! नि वर एक! वीस रुपये खाल्लेस, मेल्या!”

सगळी चौकी हसली. दलालाने तिथेच कबुली दिली आणि संध्याकाळच्या आत पैसे आणून दिले. सारा भरला गेला, शेत वाचले. पुढे दलालाला शिक्षाही झाली.

त्या संध्याकाळी चौकीतून निघताना बाईने विचारले, “फौजदार, तुमची घोडी पन त्यानंच इकली ना? कितीला?”

मी आकडा सांगितला. शेतकरी छताकडे पाहू लागला. हवालदार हसू आवरायला बाहेर गेला.

त्या दिवशी मला माझे मन कळले. दलालावर विश्वास होता म्हणून मी बाईला परत पाठवले नव्हते. आपणही फसलो आहोत हे मला जाणून घ्यायचे नव्हते. तेव्हापासून माझा सारा मी स्वतः रांगेत उभा राहून भरतो.

चौकीच्या रोजनिशीत मी ‘फिर्याद आज प्रथमच मिळाली’ असे लिहिले. वरून शाबासकीही आली. ती ओळ खोटी आहे. बाई आठ दिवस आधी आली होती. मधल्या दिवसांत ती बैलांचा माग काढत खाडीपासून खडवलीपर्यंत एकटी फिरली. तो तपास माझ्या नावावर लागला आहे. केला तिने.