गळालेला बचाव

‘ही दुरुस्ती मी करणार नाही. आकडे कुणाच्या सोयीसाठी हलत नसतात.’ एवढं लिहून मी सेंड दाबलं. सीसीमध्ये सात जण होते.

दहा मिनिटांत सुहासचा फोन आला. सुहास म्हणजे अमेरिकेत अर्विंगमधल्या आमच्या कन्सल्टिंग कंपनीचा मॅनेजर, मूळचा पुण्याचा.

“अगं, काय लिहिलंयस हे? क्लायंट आहे तो!”

“वाचलंस ना? मग तेच.”

“एका टीमला जरा वर ढकलायला सांगतोय तो यार. कुणाचं काय जातं?”

“मग ज्यांना खाली ढकलायचं त्यांना तू फोन कर.”

तो हळू आवाजात म्हणाला, “हे काँट्रॅक्ट कॅन्सल झालं तर माझ्याकडे तुझ्यासाठी दुसरा प्रोजेक्ट नाही. आणि प्रोजेक्ट नसेल तर तुझ्या व्हिसाचं एक्स्टेंशन मी कशाच्या जोरावर फाइल करू?”

तरी मी ईमेल मागे घेतला नाही.

गोष्ट २००४ सालची. क्लायंट होतं टेक्ससमधलं एक विद्यापीठ. तिथे फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धडका देत पळायचा खेळ, आणि गावाचा जीव त्यात अडकलेला. स्टेडियमबाहेर एक भिंत उभी राहणार होती. तिच्यावर विद्यापीठाच्या आजवरच्या सर्वांत गुणी पाच टीम्सची नावं कोरायची होती. निवड भावनेवर नको, आकड्यांवर हवी, म्हणून मला बोलावलं होतं. ही कल्पना मला फार आवडली होती.

रीत सोपी होती. दहा टीम्स निवडलेल्या. प्रत्येक टीममध्ये चढाईच्या अकरा आणि बचावाच्या अकरा अशा बावीस जागा. त्या जागी खेळलेल्या माणसाला, तो पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेला का, राष्ट्रीय पातळीवर निवडला गेला का, यावरून गुण द्यायचे. बेरीज करायची.

पहिल्या फेरीत पन्नासच्या दशकातली एक टीम शेवटची आली. क्रीडा विभागाचा ग्रेग ती यादी बघून पांढरा पडला. त्या टीमची हयात माणसं उद्घाटनाला येणार होती.

“यांना पहिलं करता येईल का?” त्याने विचारलं होतं. त्याचंच उत्तर मी सात जणांसमोर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठातल्या माझ्या टेबलाशी वॉल्ट आले. त्या टीममधले एक खेळाडू, आता सत्तरीच्या आसपास. विभागाच्या छोट्या म्युझियममध्ये विनामोबदला काम करायचे. मला वाटलं, ग्रेगने पाठवलं. मी हाताची घडी घालूनच बसले.

“मुली, मला यादी बदलून नको आहे,” ते म्हणाले. “फक्त एक सांग. चेंडू समोरच्यांकडे असतो तेव्हा तुझ्या यादीत आमच्याकडून कोण खेळतंय?”

मी स्क्रीन उघडली. त्या टीमच्या बचावाच्या अकरा जागा बघितल्या. अकराही रिकाम्या. रिकाम्या जागेला माझा प्रोग्रॅम निमूटपणे शून्य देत होता.

“कुणीच नाही,” मी म्हणाले.

“तरीच हरतोय,” वॉल्ट म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

आमच्या कामात पहिली पायरी असते डेटा साफ करण्याची. एकच माणूस दोनदा नोंदला गेला असेल, तर दुसरी नोंद काढून टाकायची. तेच नाव, तोच जर्सी नंबर, तीच जन्मतारीख: डुप्लिकेट. उडवा. या टीमच्या जुन्या कार्डांवर प्रत्येक नाव दोनदा होतं. मी म्हटलं होतं, काय गलथान कारकून!

कारकून बरोबर होता. त्या काळच्या नियमांमुळे तेच अकरा जण चढाईला आणि तेच बचावाला मैदानावर राहायचे. बाकीच्या नऊ टीम्सच्या काळात दोन्हीकडे वेगवेगळी माणसं. आणि मी कोण? कॉलेजची चार वर्षं कबड्डी खेळलेली मुलगी. आमच्यात चढाई करून परत आलेली लगेच पकडीला उभी राहते. माझ्याइतकं हे कुणाला कळायला हवं होतं?

उडवलेल्या नोंदी परत घातल्या. प्रोग्रॅम चालवला. वॉल्ट शेजारी बसून होते. टीम तिसरी आली.

मी त्याच सात जणांना दुसरा ईमेल लिहिला. ‘चूक माझी होती. अशी झाली. नवी यादी सोबत.’ पहिल्यापेक्षा हा लिहायला जड गेला.

सुहासचा फोन. “म्हणजे शेवटी त्यांना हवं तसं केलंस?”

“नाही. त्यांना पहिला नंबर हवा होता.”

ग्रेग खाली आलाच. “तिसरा? एवढी दुरुस्ती करून तिसरा?”

मी तोंड उघडण्याआधी वॉल्ट बोलले. “वरच्या दोन्ही टीम्स मी स्टँडमधून बघितल्यात, ग्रेग. त्यांनी आम्हाला चिरडलं असतं. तिसरा कोर.”

ग्रेगने माझ्याकडे बघितलं, वॉल्टकडे बघितलं आणि हसून यादीवर सही केली. मला तेव्हा कळलं की मी कालपासून खांदे आवळून बसले होते. त्या रात्री मी दहा तास झोपले. काँट्रॅक्ट पुढे चालू राहिलं, एक्स्टेंशनचे कागद सुहासने वेळेत पाठवले.

सांगितलं म्हणून आकडा बदलायचा नाही, हे माझं मत आजही तसंच आहे; त्यात एक अक्षर कमी करणार नाही. मात्र आता माझा प्रोग्रॅम डुप्लिकेट नोंदी उडवत नाही. त्यांची यादी छापतो. ती घेऊन मी ते काम ज्याने हातांनी केलंय अशा माणसाकडे जाते आणि मगच कुणाशी भांडते.