एर्मेस मालावाझींचा कान

“नवा आहे म्हणून कुणाला न ऐकता आत सोडायचं नाही,” एर्मेस मालावाझी एकदा म्हणाले होते.

ते माणसांबद्दल बोलत नव्हते. माणसांबद्दल ते फारसं बोलतच नसत. त्यांच्या हातात इंजिनात पेट्रोल फवारणारा एक इंजेक्टर होता, करंगळीपेक्षा जरा जाड आणि पोलादी, आणि समोर लोरेत्ता उभी होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि वडिलांच्या गॅरेजात नुकतीच यायला लागली होती. आता ती एक्कावन्न वर्षांची आहे. वडील गेले, गॅरेज तिच्याकडे आलं, आणि गॅरेजबरोबर एर्मेसही आले. भिंती आणि छप्पर जसं वारशानं येतं तसे.

इटलीतल्या मोदेनाच्या उत्तरेला जमीन ताटासारखी सपाट आहे आणि पाणी आपण होऊन कुठेच जात नाही. ते पंपानं उपसून कालव्यात टाकावं लागतं. एर्मेसचे वडील अशाच एका पंपघरावर राखणदार होते. घर पंपघराला लागूनच होतं. पंपाच्या घरघरीत सगळं कुटुंब जेवायचं, भांडायचं, झोपायचं. घरघर जरा बदलली की वडील ताटावरून उठायचे. पाच-सहा वर्षांचे असताना एर्मेस त्यांच्या आधी उठायला लागले. वडिलांनी बायकोकडे बघून एवढंच म्हटलं होतं, “याला आलं.” मुलाचं कौतुक त्या घरात तेवढं एकदाच झालं.

चौदाव्या वर्षी ते ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे लागले, सव्विसाव्या वर्षी लोरेत्ताच्या वडिलांकडे. त्या भागात वेगवान गाड्या बनवणारे, मोडणारे आणि पुन्हा उभ्या करणारे लोक गल्लोगल्ली आहेत. पण इंजेक्टर म्हटलं की सगळे बोट एर्मेसकडे दाखवायचे. तीस-चाळीस वर्षांच्या गाड्यांचे चिकटलेले, काळवंडलेले इंजेक्टर त्यांच्याकडे यायचे. ते उघडायचे, थरथरत्या द्रावणात धुवायचे, रबरी कड्या आणि दाण्याएवढी गाळणी बदलायचे, मग आपल्या बेंचवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, काचेच्या नळ्यांच्या वर ओळीनं टांगायचे. बेंच इंजेक्टर उघडमीट करायचा, पेट्रोलचा धुक्यासारखा फवारा नळ्यांत उतरायचा. सगळ्या नळ्यांत पातळी सारखी भरेपर्यंत एर्मेस ते सोडत नसत. जमलेल्या प्रत्येक इंजेक्टरवर नेलपॉलिशचे ठिपके द्यायचे, पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन. रंगाची बाटली बायकोची, झेलिंदाची होती. झेलिंदा जाऊन नऊ वर्षं झाली. बाटली घट्ट व्हायला लागली की एर्मेस तीत दोन थेंब पातळ करायचं औषध घालायचे.

काही वर्षांपूर्वीच्या भूकंपात गॅरेजचं छप्पर खाली आलं तेव्हा सगळे बाहेर शेतात उभे होते, कुणी रडत होतं, कुणी फोन लावत होतं. एर्मेसनी विचारलं, “बेंच पातळीत आहे का?” नव्या शेडमध्ये बेंच बसवताना ते पाण्यानं भरलेला पेला त्यावर ठेवून दोन दिवस पायाखाली पत्र्याचे तुकडे सरकवत बसले. त्यानंतर त्या बेंचला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. तसा नियम कुणी केला नव्हता. तो होता.

आणखी एक रीत होती. तयार गाडी एर्मेसनी ऐकल्याशिवाय दारातून जात नसे. त्या वेळी रेडिओ बंद, कॉम्प्रेसर बंद, तोंडं बंद. इंजिन चालू असताना ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवायचे आणि त्याची मूठ कानाला लावायचे. शेवटचा झाला की म्हणायचे, “जाऊ दे.” मगच गाडी जायची.

मागच्या वसंतात फेरारा शहरातल्या एका दंतवैद्याची गाडी अशीच गेली आणि दीड महिन्यानं ट्रकवर चढून परत आली. एक इंजेक्टर गाडी बंद केल्यावर थेंब थेंब गळत राहिला होता. पेट्रोलनं सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकलं आणि भिंतीवर ओरखडे पडले. दंतवैद्य सभ्य माणूस. आवाजही चढवला नाही, आणि तेच लोरेत्ताला जास्त लागलं. एर्मेसना तिनं सांगितलं की रबरी कड्यांचा माल खराब निघाला.

तिच्या हाताखालचा मेकॅनिक लेआर्को मात्र स्वतःच्या कानावर दोनदा टिचकी मारून म्हणाला, “गेला.”

“काय गेला?”

“म्हाताऱ्याचा कान, लोरे. सगळ्यांचा जातो.”

ती त्याच्यावर खेकसली. पण नंतर तिला एकेक आठवायला लागलं. चौकातल्या रहदारीत तिनं पलीकडून हात करून “चाओ, काका” म्हटलं होतं आणि एर्मेस सरळ पुढे गेले होते. बारमध्ये पत्ते खेळायचं त्यांनी सोडलं होतं. म्हणायचे, आता तिथं नुसता गोंगाट असतो. एकदा संशय आला की पुराव्यांना तोटा नसतो.

नोव्हेंबरात एका स्विस माणसाची करडी दोन आसनी गाडी आली, चौऱ्याऐंशी सालची, आठ सिलिंडरची. जुने इंजेक्टर नीट करायचे की नवे घालायचे, हे त्यानं लोरेत्तावर सोडलं. एर्मेसनी अकरा दिवस घेतले. आठ इंजेक्टर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात फ्लॅनेलवर निजवून तिच्या टेबलावर आणून ठेवले आणि जेवायला बसले. सूपमध्ये नेहमीसारखी लाल वाइन ओतली.

“काका, ते सूप आहे, रेडिएटर नाही,” लेआर्को म्हणाला.

“तुझ्या बायकोचं सूप असतं तर अख्खी बाटली लागली असती.”

सगळे हसले. लोरेत्ताही हसली. नव्या इंजेक्टरांची पेटी तेव्हा तिच्या कपाटात येऊन पडली होती.

रविवारी गॅरेज बंद असताना ती आणि लेआर्को आले. लेआर्को घुटमळला. म्हणाला, “आधी त्यांचे बेंचवर लावून तर बघू. चांगले असतील तर?”

“त्यांच्या बेंचवर? त्यांच्या पाठीमागे?” लोरेत्तानं विचारलं. झोपलेल्या माणसाचा खिसा तपासावा तसं तिला ते वाटलं. तपासणं म्हणजे अपमान. त्यापेक्षा नुसतं बदलून टाकावं, म्हणजे त्यांना कळायचं नाही, दुखायचं नाही. हा विचार तिला तेव्हा मायेचा वाटला होता. नवे ते नवेच, म्हणून तेही कुणी बेंचवर लावले नाहीत. लेआर्कोनं नव्या पोलादाची चकाकी तेल-काजळीनं मारली. खणातली झेलिंदाची बाटली काढून ठिपके लोरेत्तानं स्वतः दिले. आठव्यावर आठ ठिपके झाले तसे लेआर्कोनं ते इंजिनात बसवले.

सोमवारी सकाळी बाहेर धुकं दारापर्यंत आलं होतं. इंजिन सुरू झालं, रेडिओ बंद झाला. एर्मेस वाकले. एक. दोन. तीन. चौथ्यावर ते थांबले. पाचवा ऐकला, पुन्हा चौथ्यावर आले.

“चौथा आळशी आहे,” ते म्हणाले.

“काका, चांगलं चाललंय की. एकसारखं तर वाजतंय.”

“उशिरा उघडतो. जडपणे.” त्यांनी मूठ कानापासून दूर केली, पुन्हा लावली. मग लेआर्कोला हातानं खूण करून इंजिन बंद करायला लावलं. लोरेत्ताला वाटलं, संपलं. कान खरंच गेला, आता ते नसलेले दोषही ऐकायला लागले. आणि मग ते जे बोलले ते तिला सोसलं नाही.

“असा कसा पाठवला मी?” ते स्वतःशीच म्हणाले. “अकरा दिवस घेतले, पोरी. अकरा दिवस घेऊन असा पाठवला?” त्यांचे हात बोनेटच्या कडेवर होते आणि ते त्या हातांकडे बघत होते. कुणा परक्या माणसाचे असावेत तसे. “काढ रे तो. मी पुन्हा करतो. नाही तर राहू दे, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.”

लेआर्कोनं लोरेत्ताकडे बघितलं. गप्प राहणं सोपं होतं. चौथा काढल्याचं नाटक करायचं, दोन दिवसांनी पुन्हा तोच बसवायचा. पण मग हा माणूस उरलेलं आयुष्य एका दुसऱ्याच्या इंजेक्टरचा दोष स्वतःच्या हातांवर घेऊन घालवणार होता.

“काका, ते तुमचे नाहीत,” ती म्हणाली.

“काय माझे नाहीत?”

“इंजेक्टर. आठही नवे आहेत. मी बदलले. रविवारी.”

एर्मेसनी अंगठा चौथ्याच्या अंगावरून फिरवला, मग पाचव्याच्या. कडा धारदार होत्या. “ठिपके?” त्यांनी विचारलं.

“मी दिले.”

त्यांनी ठिपक्यावर नख घासून बघितलं. मग ती बोलत सुटली. दंतवैद्याची गाडी, गळलेला थेंब, ओरखडे, कड्यांचं खोटं, सगळं. “आम्हाला वाटलं, तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही. तुम्हाला कसं सांगायचं ते कळेना.”

“थेंबाचा आवाज येतो का, लोरेत्ता?” एर्मेसनी विचारलं. फार हळू. “थेंब बघावा लागतो.”

तिला उलगडायला क्षणभर लागलं. शेवटची चाचणी तीच असते. दाब द्यायचा, इंजेक्टर बंद ठेवायचा आणि एक मिनिट त्याच्या टोकाकडे बघत राहायचं. टोक कोरडं राहिलं पाहिजे. इतकी वर्षं ह्या माणसाच्या कानाचा एवढा बोलबाला झाला होता की त्याला डोळेही लागतात हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “कडेचं सगळं दिसतं. सायकल चालवतो, कालवा दिसतो, झाडं दिसतात. पण जिथं बघावं तिथंच धूर. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड नाही. पत्त्यावर राजा आहे की राणी, ते कळत नाही. डॉक्टरीण म्हणाली, ह्याला ऑपरेशन नाही.”

“मग शेवटची चाचणी कशी करायचात?”

“पातळी काचेवर टिचकी मारली की ऐकू येते. थेंबासाठी बघत बसायचो मिनिटभर. काही दिसलं नाही की धरायचो, कोरडं आहे.”

लेआर्कोनं खाली बघितलं. बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. त्याची पीं-पीं तेवढी धुक्यातून येत राहिली.

“लाव बेंचवर,” एर्मेस त्याला म्हणाले. “हे नवे लाव. आणि माझे कुठं आहेत? टाकले?”

“डब्यातच आहेत, काका.”

“मग नंतर तेही लाव.”

ते बेंचपाशी गेले, त्यावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला सरकले. बत्तीस वर्षांत लोरेत्तानं त्यांना तिथून सरकताना बघितलं नव्हतं. लेआर्कोनं इंजिनातून नवे आठ काढून टांगले, पंप लागला, फवारे नळ्यांत उतरले आणि थांबले.

“वाच,” एर्मेस म्हणाले.

नळ्यांवरचे मिलीलिटरचे आकडे वाचायला ती वाकली. “बहात्तर. एकाहत्तर. बहात्तर.” मग तिनं नळी पुसून पुन्हा बघितली. “चौसष्ट.”

“चौथा?”

“चौथा.”

“अरे बाप रे!” लेआर्को ओरडला. “चालत्या इंजिनात! म्हातारबा, तुमचा कान संतांच्या अस्थींसारखा चर्चमध्ये काचेत ठेवायला पाहिजे!” त्याचा आनंद खरा होता. लोरेत्तालाही रडू आणि हसू एकदम आलं. एर्मेसच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना बहुधा चौसष्टच्या आसपासचं काहीतरी आधीच ठाऊक होतं.

मग बिस्किटांचा डबा उघडला. त्यांचे आठ टांगले गेले. ती वाचत गेली. एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर, शेवटपर्यंत एकाहत्तर. पातळीवरून दोरी ताणावी अशी. असा संच तिनं नव्यातही बघितला नव्हता, जुन्यातही नाही. “काका,” ती म्हणाली, “काका, हे बघा तरी,” आणि जीभ चावली.

“आता दाब दे,” ते म्हणाले. “आणि एक मिनिट बघ.”

ती बघत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. आठ टोकं, आठही कोरडी, पंधरा सेकंद, वीस. एर्मेस तिच्या बाजूला तोंड करून उभे होते, मान जराशी तिरकी, म्हणजे कडेनं ती त्यांना दिसत असावी. पंचवीस सेकंदांनी सहाव्याच्या टोकावर काहीतरी चमकलं. लोरेत्तानं डोळे मिटून उघडले. ते वाढत होतं. टाचणीच्या डोक्याएवढं झालं, मग मोहरीएवढं, आणि तिथंच लोंबत राहिलं. पडू नकोस, ती मनात म्हणाली. आत ओढून घे. नुसतं ‘कोरडं आहे’ म्हटलं तर ह्या खोलीत तिला खोटं पाडणारं कुणी नव्हतं. लेआर्कोनं तर थेंब बघून तोंड फिरवलं होतं.

थेंब पडला. त्याच्या जागी दुसरा धरायला लागला.

“सांग,” एर्मेस म्हणाले.

एकदा मायेनं खोटं वागून झालं होतं.

“सहावा गळतोय,” ती म्हणाली.

पंप चालूच होता. लेआर्कोनं तो बंद केला आणि घाईघाईनं बोलायला लागला. “त्यात काय एवढं, काका? सोपं आहे. ऐकायचं तुम्ही, बघायचं मी. मी इथं उभा राहतो, तुम्ही सांगाल तसं. खुर्ची आणतो तुम्हाला. तुम्ही नुसतं बसून ऐकायचं.” तो खरोखरच खुर्ची आणायला वळला.

“दोन वर्षं मी न बघता सोडत होतो,” एर्मेस म्हणाले आणि मागे हात नेऊन त्यांनी एप्रनची गाठ सोडली. खुंटी चाचपून तो अडकवला, कोट घेतला, गळ्यापर्यंत बटणं लावली. लोरेत्ताच्या अगदी जवळून ते गेले. खुर्ची घेऊन उभ्या असलेल्या लेआर्कोच्या बाजूनं गेले आणि दाराबाहेर पडले.