त्यांची शिक्षा सुरतेत पूर्ण झाली

मला दुसऱ्याचं मराठी सुधारायची खोड आहे. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्त राहतो बाजूला, मी आधी वेलांट्या तपासतो आणि चुकलेली सापडली की फोन करून कळवतो. आमच्याकडे हल्ली पत्रिका कमी येतात.

अशा माणसाला सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या वाचनालयाने गुरुजी केलं. इंटरनेटवर जो सगळ्यांना लिहायला खुला विश्वकोश आहे, त्यात मराठी लेख कसे लिहायचे हे कॉलेजच्या मुलांना दर रविवारी शिकवायचं होतं. मला त्यातलं काय येत होतं? एका कार्यशाळेत दोन दिवस बसून आलो होतो, आणि त्यातला निम्मा वेळ पासवर्ड आठवण्यात गेला होता. पण फळ्यासमोर उभं राहिलं की माझा आवाज आपोआप जाणकाराचा होतो.

विषय मुलांनीच निवडला: बेपत्ता पत्रकार. देशोदेशी अशी माणसं आहेत आणि मराठीत त्यांच्यावर एक ओळ नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिला रविवार एका शब्दातच गेला. एकाने ‘लापता’ लिहिलं, एकाने गुजरातीतून ‘गुम’ आणलं, एकाने ‘हरवलेले’ लिहिलं. पत्रकार म्हणजे काय छत्री आहे का, असं मी विचारलं आणि ‘बेपत्ता’वर शिक्कामोर्तब केलं. मग नियम सांगितले. विशेषणं काढा. थोर, निर्भीड, झुंजार, सगळी काढा. आणि संदर्भाशिवाय एक वाक्यही नको. हा शेवटचा नियम मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

वर्गात बमरोलीची एक मुलगी होती. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती आणि शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे तिचं मराठी तिन्हीकडून हवा खात आलेलं. ती म्हणाली, “सर, लांबचे कशाला? आपल्या भेस्तानचेच एक आहेत ना.”

होते खरे. मिलच्या वस्त्यांमधल्या बातम्या छापणारं एक छोटं साप्ताहिक होतं, त्यात ते लिहायचे. एका सकाळी बातमीला जातो म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. दोन गुजराती वर्तमानपत्रांत तेव्हा बातमी आली होती, म्हणजे आमचं संदर्भांचंही भागत होतं. मुलगी त्यांच्या बायकोला भेटून आली. त्या घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करतात. त्यांनी सगळं सांगितलं आणि एकच गोष्ट मागितली: फोटो वर, मोठा टाका. कुठे कुणी बघितलं असेल तर ओळखेल.

मुलीने मन लावून लेख लिहिला आणि पुढच्या रविवारी आजारी पडली. मी एकटाच तो तपासायला बसलो. त्यात वाक्य होतं, ‘त्यांनी आपली शिक्षा सुरतेत पूर्ण केली. तिथेच त्यांना लिहिण्याची आवड लागली.’

आता हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला माहीत नाही असं नाही. सुरतेत अर्धं आयुष्य काढलंय मी. पण त्या क्षणी माझ्यातला मराठीचा मास्तर इतका जागा होता की बाकी कुणाला जागा नव्हती. मला वाटलं, वा, माणूस आत जाऊन आलाय. पत्रकार म्हटल्यावर ते आलंच. ‘शिक्षा पूर्ण केली’ हे मात्र फार मिळमिळीत. मी दुरुस्त केलं: ‘त्यांनी सुरतेत तुरुंगवास भोगला. तुरुंगातच त्यांच्यातला झुंजार लेखक जागा झाला.’ विशेषण माझ्याच हातून लेखात गेलंय, हेही लक्षात आलं नाही. प्रकाशित करून चहा प्यायला गेलो.

आठवड्याच्या मधेच कुणा दूरच्या संपादकाने त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लावली. मला राग आला. मी उत्तर लिहिलं, ‘संदर्भ शोधण्याचे काम चालू आहे.’

रविवारी वर्ग भरला. मुलगी बरी होऊन आली होती. लेख उघडून बघितला आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

“सर, हे जेल कुठून आलं?”

“तुझ्याच लेखातून.”

“मी तर शाळेचं लिहिलं होतं.”

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “सरांच्या शाळेत फरक नसेल.” वर्ग हसला. मीही हसलो. आता तिला म्हणणार, काढ ते वाक्य, तेवढ्यात दारात एक बाई चपला काढताना दिसल्या. मुलगी उठून उभी राहिली. “मावशी, या ना.”

मी ओळखलं. बोलणी खायची तयारी केली. नवऱ्याला जगासमोर कैदी केलं म्हटल्यावर कुणीही बोलेल. माफीचं वाक्य तोंडात तयार होतं, व्याकरणाने बिनचूक.

त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. हातात कापडी पिशवी होती आणि जिने भरभर चढून आल्याने दम लागला होता.

“सर,” त्या म्हणाल्या, “कोणत्या जेलमा?”

मी त्यांच्याकडे खुर्ची सरकवली. त्या उभ्याच राहिल्या.

“भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवलं. मी हिशोब लावला. लग्नाआधी ते कधी जेलात गेले नाहीत, माझ्या सासूने सांगितलं असतं. लग्नानंतर नाहीत, मी होतेच. म्हणजे गेले ते आत्ता. इथेच आहेत, सुरतमध्ये.” पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. “दोन शर्ट आणलेत. कळण्याची भाकरी आणि ठेचा. आत देऊ देतात ना?”

मुलगी एकदम म्हणाली, “मावशी, गलती माझी आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे पढाई. मी तेच लिहिलं.”

“तिची नाही, वहिनी,” मी म्हणालो. “तिने शिक्षण लिहिलं होतं. तुरुंग मी बांधला.”

“म्हणजे शाळा?”

“शाळा.”

त्यांनी पिशवीच्या बंदाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग त्या खुर्चीवर बसल्या. “शाळाही पूर्ण नाही केली त्यांनी. दहावीला गणितात दोनदा आपटले. आता लिहिताच आहात तर ते तरी खरं लिहा.” आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, परत हसल्या. मुलीने त्यांना पाणी दिलं आणि तुरुंग काढून टाकला.

“हे कोण कोण वाचतं?” त्यांनी विचारलं.

“कुणीही,” मुलगी म्हणाली. “कुठूनही.”

“त्यांच्याकडे मोबाइल असला तर ते पण?”

“ते पण.”

“मग लिही. भाकरी रोज होते. आम्ही आठेच शेतस.”

‘आम्ही इथेच आहोत’ असं लेखात लिहिता येत नाही. पण प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असतं, तिथे कुणीही काही मांडू शकतं. मुलीने ते उघडलं आणि त्या सांगतील तसं अहिराणीतच टाइप केलं. अर्थ असा: इमारत तीच आहे, माळा बदलला, आता खालच्या माळ्यावर. जिने चढायला नकोत. पोरगा बारावीला आहे. या.

संध्याकाळपर्यंत तो दूरचा संपादक येऊन गेला. ‘लेखाशी संबंध नाही’ असा शेरा मारून त्याने मजकूर उडवला होता. मी परत टाकला. त्याने परत उडवला. बरोबर तोच होता, नियम मीही शिकवले होते. मी टाकत राहिलो. शेवटी त्याने विचारलं, हा संदेश कुणासाठी आहे? मी लिहिलं, ज्यांच्यावर लेख आहे त्यांच्यासाठी.

त्यानंतर त्याने तो मजकूर उडवलेला नाही. वहिनी भाच्याला अधूनमधून उघडून बघायला लावतात, खाली कुणी काही लिहिलंय का.