वरातीची घोडी पानिपतावर

माझ्या हातून आयुष्यात एकही गोष्ट सगळ्यांच्या आधी झालेली नाही. मंत्रालयात माझ्यामागून लागलेले लोक माझे साहेब झाले. दिल्लीत पहाडगंजच्या आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक फोटोत मी शेवटच्या रांगेत, आणि तिथंही कुणाच्या तरी फेट्याआड. मंडळाचे अध्यक्ष तात्याराव मला प्रेमाने 'वरातीमागून घोडं' म्हणतात. त्यामुळे संक्रांतीला पानिपतात काला अंबच्या युद्धस्मारक स्तंभाजवळ आम्ही जुन्या पोशाखात कार्यक्रम करायचा, आणि एका घोडेस्वाराने भगवं निशाण घेऊन सगळ्यांच्या पुढे दौड मारायची, असं ठरल्यावर "निशाण मी नेतो" असं मी म्हणालो, तेव्हा बैठकीत सगळे हसले.

मी मात्र गंभीर होतो. मे महिन्यात मी निवृत्त होणार, सरकारी घर सोडून आम्ही पुण्याला जाणार. म्हणजे मला पुढची संक्रांत नव्हतीच. जायच्या आधी एकदा तरी सगळ्यांच्या पुढे जायचं, तेही बायकोच्या देखत, एवढीच माझी इच्छा होती. देवयानी लग्नापासून मला बाजूला सरकतानाच बघत आलीय.

"न्या की," ती म्हणाली. "फक्त अर्ध्यातून परत येऊ नका."

तात्यारावांनी अट घातली की घोडा बिथरणारा नको. त्यांचं बरोबरच होतं. गुरुग्रामच्या क्लबात घोडेस्वारी शिकणारा मंडळातला जयदीप एकदा क्लबचा घोडा दाखवायला घेऊन आला होता. घोडा देखणा, अंगाला शाम्पूचा वास. ताशाची पहिली काडी पडली आणि तो बॅडमिंटनचं जाळं गळ्यात घालून थेट पार्किंगमध्ये गेला.

मला हवा तो प्राणी पहाडगंजातच सापडला, तोही ट्रॅफिक जॅममध्ये. समोर वरात अडली होती. घोडीच्या पायाशी फटाक्यांची माळ फुटत होती, कानाशी ट्रम्पेट, शेपटीजवळ नवऱ्याचे तीन मामा नाचत होते आणि ती पांढरी घोडी डोळे अर्धे मिटून उभी होती. असा शांतपणा मी फक्त आमच्या सेक्शनमध्ये जेवणानंतर पाहिलाय. तिचं नाव बिजली. हे नाव ठेवणाऱ्याने तिला चालताना पाहिलं नसावं.

बिजलीचा मालक हरीश बँडवाला. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत दिल्लीत लग्नं नसतात, म्हणून घोडी रिकामीच होती. "ले जाओ साहब," तो म्हणाला, "बैठी-बैठी मोटी हो रही है।"

यमुनेकाठच्या मैदानात तालीम सुरू झाली. मी तिच्यासमोर छत्री उघडली, पत्रा बडवला, निशाण फडकवलं, ढोल आणवला. बिजली जांभई द्यायची. बारा गावचं पाणी प्यालेली ती, पत्र्याला काय घाबरणार? दचकायचो मी. पहिल्याच दिवशी तिने नुसती मान हलवली आणि मी उजवीकडून बसून डावीकडून उतरलो, मधलं काही आठवत नाही. लगाम धरून पुढे कुणी नसताना आपलं आपण धावायचं, हे तिला शिकवायचं होतं. रोज हरीश तिला ओंजळभर भिजवलेली चण्याची डाळ खिलवायचा. वरात निघताना नवऱ्याच्या बहिणी खिलवतात तशी. मग मी टाच मारायचो. हळूहळू ती खरंच दुडक्या चालीने धावायला लागली आणि मीही वर टिकायला लागलो.

"मी एकदा तालमीला येते ताट घेऊन," देवयानी म्हणाली होती. स्वारी निघण्यापूर्वी औक्षण करायचं, ते तिच्याकडे होतं.

"ओवाळायची कसली तालीम?" मी म्हणालो. "ते काय नाटक आहे?"

संक्रांतीला सकाळी धुकं होतं. स्तंभाअलीकडच्या मोकळ्या मैदानात आमचं पायदळ पगड्या सावरत उभं होतं. "गुणवंतराव, घोडामैदान जवळ आलं बरं का," तात्याराव मला म्हणाले. हरीशने डाळ खिलवली. मी वर चढलो, निशाण हातात घेतलं आणि काळी चंद्रकळा नेसलेली देवयानी ताट घेऊन समोर आली. कुंकू, अक्षता, निरांजन. तिने मला ओवाळलं, मग घोडीला. "हर हर महादेव!" ढोल कडाडला. मी टाच मारली.

बिजली हलली नाही.

पुन्हा टाच. तिने मागचा एक पाय सैल सोडला आणि डोळे मिटले. मागे पन्नास मावळे खोळंबले. जयदीपने मोबाइल काढला. माझं पानिपत दौडीच्या आधीच झालं होतं.

हरीश धावत आला आणि त्याने कपाळावर हात मारला. "अरे साहब, थाली घुमा दी! उसके हिसाब से तो लड़की का घर आ गया। अब दूल्हा उतरेगा, तभी हिलेगी।"

खरंच की. आजवर ताटात दिवा घेऊन बाई समोर आली की बिजलीचं काम संपत आलेलं होतं. आम्ही स्वारीच्या सुरुवातीला ओवाळतो, दिल्लीत मुक्कामाला पोचल्यावर ओवाळतात. इतकी वर्षं इथली लग्नं जेवूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी रिकिबीतून पाय काढला. बाजूला सरकायची सवय होतीच.

"उतरायचं नाही," देवयानी म्हणाली.

तिने ताट तात्यारावांच्या हातात दिलं, पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला आणि एक लाडू घोडीसमोर धरला. बिजलीने तो खाल्ला. तिचे कान उभे झाले. दुसरी वरात निघाली असं तिला वाटलं असावं. देवयानी डबा घेऊन चालू लागली, आणि बिजली तिच्यामागे निघाली. दौड वगैरे नव्हतीच. देवयानीच्या चालीने आम्ही चाललो होतो, मागे ढोल, लोकांच्या शिट्ट्या.

मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी खाली पाहिलं. देवयानीचा डावा गुडघा दुखतो. मेट्रोचे जिने ती कठडा धरून चढते आणि माणसं खोळंबू नयेत म्हणून मला पुढे व्हायला सांगते. आज तिला धरायला कठडा नव्हता. ती लंगडत होती, पण एकदाही थांबली नाही. ती इतकं लंगडते हे मला माहीत नव्हतं. घरी ती मागेच असते, दिसणार कुठून?

"बस झालं, थांब," मी वरून म्हणालो. "मी उतरतो."

"निशाण सरळ धरा," ती मागे न बघता म्हणाली.

स्तंभापाशी पोचेपर्यंत मी निशाण सरळ धरलं. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, तो लगामावर होता.

मंडळाच्या फोटोत पुढे डबा घेतलेली देवयानी आहे, मग घोडी आणि तिच्यावर मी. म्हणजे मी मागेच. स्तंभापाशी ढोलवाल्यांनी पुढे जाऊन ढोल पुन्हा कडाडवले आणि "आता उतरा," असं म्हणून देवयानीने हात पुढे केला. मी उतरलो आणि तो हात सोडला नाही. परत येताना आम्ही तिच्या चालीने चाललो. बिजली मागून येत होती.