येणारा-जाणारा ताप

"पाहुना शे भो, दोन दिन ऱ्हाई, निंघी जाई." ताप आला की आमचे गणिताचे सर एवढंच म्हणायचे आणि पोटावर पालथा हात दाबून व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे. ते बसलेले मला फारसे आठवतच नाहीत.

प्रकाशाच्या शाळेत आम्ही एकत्र शिकवत होतो. ते कोरीटहून मोटारसायकलवर यायचे. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल: महिना-दीड महिन्याने तापाने फणफणणारा, पोटदुखीने वाकडा होणारा आणि दोन-तीन दिवसांत भाकरी-ठेचा खाऊन ठणठणीत. कधी घोटा सुजायचा, कधी नडगीवर लाल चट्टा उठायचा. मलेरिया निघायचा नाही, टायफॉइडही नाही. "सरांचा ताप पेपर तपासायच्या वेळीच येतो," अशी थट्टा चालायची. तेही हसायचे. तरुणपणी याच दुखण्यापायी त्यांचं ऑपरेशन झालेलं. "अपेंडिक्स गयं, दुखनं ऱ्हायनं," असं ते सांगायचे.

मग त्यांच्या आठवीतल्या लेकीचं पोट तसंच दुखू लागलं, आणि थट्टा थांबली.

शहाद्याच्या दवाखान्यात मी सोबत होतो. पोरीला सणकून ताप, पोटाला हात लावू देईना. अपेंडिक्सच असावं, ऑपरेशन करावं लागेल, असं ठरत आलं होतं. सर जिना उतरत होते, चढत होते. एकदम आत आले आणि त्यांनी तिच्या पायावरची चादर सारली. नडगीवर लाल चट्टा.

"डॉक्टरसाहेब, हाई मन्हं दुखनं शे! मले बी असंच व्हस, लहानपनपासून. आठे चट्टा, मंग पोट, मंग ताप. मन्हं पोट चिरीसन बी काय फरक पडना नही."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा सोनोग्राफी केली. अपेंडिक्स चांगलं होतं. तिला नजरेखाली ठेवलं. ताप आपोआप उतरला. त्यांनीच मग सुरतेच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथे दुखण्याला नाव मिळालं: ऑटोइन्फ्लेमेटरी आजार. जंतू नसतानाच शरीर आतून पेटतं, आणि हे बापाकडून लेकीकडे उतरू शकतं. रोज गोळी घेतली तर पोरीला धोका नव्हता. मग डॉक्टरांनी सरांचीही तपासणी केली. इतकी वर्षं धुमसत राहिलेल्या त्या आगीने त्यांची मूत्रपिंडं पार खराब केली होती.

"पोरनं येळवर कयनं ना, बस," ते म्हणाले; पोरीचं वेळेवर कळलं, एवढंच त्यांना पुरे होतं.

आमची शेवटची भेट नंदुरबार स्टेशनवर झाली. उपचारासाठी त्यांना सुरतेला नेणारी गाडी उभी होती. ते डब्यात चढायचे, पुन्हा खाली उतरायचे. शिट्टी झाली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "मी नही उनू तं पोरले इचारत जाजो भो, गोई लिधी का."

ते आले नाहीत.

मुलगी आता धुळ्याला कॉलेजात आहे. रोज संध्याकाळी तिचाच फोन येतो. "काका, गोई लिधी." गोळी घेतली, एवढंच सांगते.