साहेबांच्या गावाचा इतिहास

नावेत ट्रंक चढवायला बाबा गुडघाभर पाण्यात उतरले होते. भीमेपलीकडे एसटी मिळायची, तिथून मुंबई आणि मग विमानानं बहरीन. माझा नवरा तिथे अकाउंटंट होता. आई घाटावर तोंडाला पदर लावून उभी. बाबा एवढंच म्हणाले, "जा निवांत. आम्ही कुठं जातोय? इथंच आहोत."

धरणाची बोलणी तेव्हाही चालू होती. पण ती आमच्या लहानपणापासून चालू होती, त्यामुळे कुणी मनावर घेत नव्हतं.

बहरीनला, मनामा शहरात, मला स्टेनोची नोकरी लागली. साहेब अमेरिकन इंजिनिअर, मिसिसिपीकाठच्या एका लहान शहराचे. ते त्याला कौतुकानं "माझं गाव" म्हणत. गावाच्या स्थापनेचा उत्सव व्हायचा होता आणि इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. ऑफिस सुटल्यावर ते सांगायचे, मी टाइप करायचे. बाहेर अंग भाजणारं ऊन, आत एसीची घरघर आणि माझ्या बोटांखाली ती लांबची नदी. आगबोटींचा धक्का, लोखंडी पूल, टेकडीवरचं कोर्ट, नदीतल्या शिंपल्यांपासून गुंड्या कापणारा कारखाना. पुरात बुडालेली बाजारपेठ लोकांनी वर कशी हलवली, यावर एक अख्खं प्रकरण. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं नावसुद्धा त्यांनी सोडलं नाही. माणूस वाईट नव्हता. ईदच्या सुट्टीला माझ्या मुलीसाठी आठवणीनं चॉकलेटं आणायचा.

मग भावानं कळवलं, या पावसाळ्यात पाणी अडवणार. उन्हाळ्यात गाव हलवायचं. एकदा येऊन जा.

मी लीव्ह मागितली. लीव्ह दोन वर्षांनी एकदा, पासपोर्ट कंपनीकडे, सही साहेबांची. मी म्हणाले, "सर, माझं गाव पाण्याखाली जातंय."

ते हसले. "सुमन, सरकारं असं म्हणतच असतात. वर्षं लागतात त्याला. आपलं पुस्तक छापायला जायचंय. पुढच्या वर्षी महिनाभर जा."

"पुढच्या वर्षी गाव नसेल, सर."

"गावं अशी जात नाहीत," ते म्हणाले आणि पुढच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य सांगू लागले. मी ते टाइप केलं. घरी नवरा म्हणाला, "भांडू नकोस. नोकरी गेली की व्हिसा खलास." तेही खरंच होतं.

पाणी आलं. त्याआधी लोकांनी घरांच्या चौकटी उपसून नेल्या, देव बैलगाडीतून नेले. इकडे पुस्तक छापून आलं, जाड पुठ्ठ्याचं, चकचकीत. साहेबांनी सही करून एक प्रत मला दिली. मी थँक्यू म्हणाले.

पुढच्या वर्षी गेले ती पुनर्वसनाच्या वसाहतीत. उघडा माळ, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, सावलीला झाड नाही. बाबांना म्हटलं, "आपला घाट कुणी बांधला? नगारखाना कधीचा? सांगा ना, मी लिहून ठेवते."

 बाबा म्हणाले, "होता तेव्हा कधी विचारलं नाहीस. आता काय करायचंय?"

"नको गं छेडूस त्यांना," आई म्हणाली.

दोन पावसाळ्यांनी बाबा गेले. शेवटपर्यंत त्या गावाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे आज एका परक्या गावाच्या कोर्टाचे दगड कुठल्या खाणीतून आले ते मला पाठ आहे, आणि आमचा घाट कुणी बांधला ते ठाऊक नाही.

आता आम्ही मनामाच्याच अदलिया भागात राहतो. मुलीला मराठी समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. नेटिव्ह प्लेस विचारलं तर "पूना" म्हणते. मी दुरुस्त करत नाही. कुवेत-मस्कतला गेलेल्या आमच्या गावच्या पोरीही असंच काहीतरी सांगत असतील.

गावच्या मंडळींनो, तुम्ही जे तिकडे राहिलात ते हौसेनं कळवता, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो, लोक जीप करून येतात, भेळ खातात, तूही ये बघायला. राग मानू नका, मी येणार नाही. ते गाव मला बघायचं नव्हतं. तिथे राहायला यायचं होतं.